तो तं दीडच दिवस शाळेत गेला, सर!

खडूफळा
यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात तिसरी-चौथीला शिकवतो. दिवाळीनंतर शाळेला गोष्टींच्या पुस्तकांचा गठ्ठा आला. त्यात मोठ्या लेखकांचं लहानपण सांगणारं एक चित्रांचं पुस्तक आहे. एकेकाला दोन पानं, पानभर चित्र, खाली तीन-चार ओळी. कागद इतका गुळगुळीत की पोरं नुसता हात फिरवायला भांडतात.

अण्णा भाऊ साठेंच्या पानावर पाटी बगलेत मारून पोरगा शाळेतून उड्या मारत निघालाय, वर सूर्य हसतोय. खाली लिहिलंय की दीडच दिवस शाळेत गेले, तरी मोठे लेखक झाले.

आमच्याकडे सध्या कापसाची वेचणी. पटावर बावीस, वर्गात अकरा-बारा. आठ दिवसांनी एक जण उगवला. बोंडांच्या टोकांनी बोटं ओरबाडलेली, नखाशी रक्त सुकलेलं. कुठे होतास म्हणून दरडावलं, तर त्यानं तेच पान उघडून त्यावर बोट ठेवलं. “तो तं दीडच दिवस गेला, सर. मंग मले काहून बोलता?” वर्ग फिदीफिदी हसला. मला उत्तर सुचलं नाही, हे कबूल करतो.

माझं मत: चौथीपर्यंत हे पुस्तक वर्गात नको. बोला.

पऱ्हाटी
सर, पुस्तकाले कायले दोष देता? ते पोरगं पुस्तक वाचून वावरात गेलं नाही. ते पयलेच जात होतं. किलोमागं दहा-बारा रुपये भेटतात, मजूर भेटत नाही, अन् घरी कोनी नसलं तं लेकराले एकटं कोन ठेवते? पुस्तकानं त्याले फक्त तुमच्यासंग भांडाले तोंड देल्लं. मले तं पोरगं हुशार वाटते.

बांधावरची
हुशार आहेच. पण खोट त्या “तरी”मध्ये आहे. दीड दिवस शाळा, “तरी” लेखक. म्हणजे शाळा सुटली हे जणू बरंच झालं! ती काही मजेनं सुटली नव्हती. जातीवरून जी वागणूक मिळाली, तिच्यामुळे सुटली. पुढे वाटेगावहून बापाबरोबर पायी मुंबई गाठली आणि तिथे दुकानांच्या, सिनेमाच्या पाट्या वाचत अक्षरं कमावली. ‘फकिरा’ १९५९चा. ती कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली. लेखणीची किंमत ज्याला एवढी कळली, त्याच्या पानावर सूर्य हसवायचा? मी खडूफळा यांच्या बाजूनं.

सीतादही
मग चित्र बदला, पुस्तक का काढता? आठ वर्षांच्या लेकराला जात समजत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी गावात एक पंगत बघावी. त्याला सगळं ठाऊक असतं. ते पान उघडून “हा का पळाला असेल?” एवढं विचारा, मग बघा पोरं काय काय सांगतात. गुरुजींना उत्तर सुचलं नाही ही गुरुजींची अडचण (रागावू नका), पुस्तकाची नाही.

खडूफळा
रागावलो नाही. थोडा रागावलो.

जुनी सायकल
त्यात इंग्रजी कादंबरीकार डिकन्स आहे का? १८२४ साली, बाराव्या वर्षी, हा मुलगा लंडनमध्ये बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांना लेबलं चिकटवत होता. बाप कर्जापायी तुरुंगात. ही गोष्ट त्यानं जन्मभर लपवली, एका जिवलग मित्राला तेवढी सांगितली. पोटच्या पोरांनासुद्धा ती कळली १८७० साली तो वारल्यानंतर, त्या मित्रानं चरित्र लिहिलं तेव्हा. ज्याची आयुष्यभर जीभ रेटली नाही, ते आपण रंगीबेरंगी करून तिसरीला वाटायचं? मला हे बरोबर वाटत नाही.

सीतादही
आहे ना डिकन्स. आणि ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मध्ये त्यानं तेच दुःख सगळ्या जगाला सांगितलं की! नाव बदललं एवढंच.

जुनी सायकल
नाव बदललं म्हणूनच सांगता आलं. आपण नावगावासकट छापतो.

मोझरी फाटा
मधेच एक. माझा भाचा पायानं अधू आहे, चौथीत. सुरेश भटांना लहानपणी पोलिओ झाला होता आणि ते आपल्या अमरावतीचे, हे त्याला मी सांगितलं तेव्हा तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र शेजारच्या पोराला तेच सांगत होता, वर गावाचं नाव दोनदा. चित्रं असती तर अजून बरं झालं असतं. पुस्तक राहू द्या.

पऱ्हाटी
त्या पुस्तकात आपल्या इकडचं कोनी हाय का नाही? तुकडोजी महाराज यावलीचे, कादंबरीवाले गोनीदा (गो. नी. दांडेकर) परतवाड्यात जन्मले.

खडूफळा
कोणी नाही. आणि गोनीदा नकोच, राव! त्यांनी सातवीत शाळा सोडली, स्वातंत्र्याच्या चळवळीसाठी. माझा पट अजून खाली आणता का?

बांधावरची
मग बहिणाबाई घ्या. वऱ्हाडच्या नव्हेत, खानदेशच्या, पण कापसाच्याच मुलखातल्या. शाळेचं तोंड पाहिलं नाही, गाणी जात्यावर आणि शेतात सुचलेली. ती उतरवून घेतली घरातल्या लिहित्या माणसांनी. त्या १९५१ साली गेल्या, पुस्तक आलं १९५२ला. त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, ती वही अत्र्यांना दाखवली म्हणून. घरात एकालाही लिहिता येत नसतं तर काय उरलं असतं? खडूफळा, तुमच्या पोराला हे विचारा. आई कापूस वेचताना काही म्हणते का, तेही विचारा.

सीतादही
बघा, आता तुम्हीच पुस्तक वर्गात आणताय.

बांधावरची
पुस्तक नाही, बहिणाबाई. माझ्या मनातून तो सूर्य अजून उतरला नाही.

खडूफळा
काल विचारलं. आई काही म्हणत नाही म्हणाला, मोबाइलवर गाणी लावून ठेवते. मग म्हणाला, “पण आजी म्हन्ते.” काय म्हणते, तर आठवत नाही. लिहून आण म्हटलं. म्हणाला, येचणी झाल्यावर आणतो.

पऱ्हाटी
फरदड, म्हन्जे त्याच झाडांचं दुसरं पीक, ठेवली असन तं मार्च उजाडते, सर.