पदकामागचे घर: शौर्यपदक मिळवलेल्या आपल्या माणसाविषयी लिहा

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील निमज गावचे नामदेव जाधव हे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत कंपनीचे निरोप्ये होते. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनिओ नदीवर त्यांनी दोन जखमी साथीदारांना एकेक करून सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी आणले आणि मग एकट्याने शत्रूच्या मशीनगन बंद पाडल्या. या कामगिरीसाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. त्यानंतर ते १९८४ पर्यंत जगले. पदकासोबतच्या मानपत्रात मात्र त्यांच्या आयुष्यातले काही तासच आहेत. आपल्या घरात असा कोणी असेल, तर मानपत्रात न आलेल्या वर्षांविषयी लिहावे, एवढीच विनंती आहे. पराक्रमाची वर्णने इतरत्र वाचायला मिळतात. आलेली काही पत्रे पुढे आहेत.

माणगावहून

आमच्या माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीतच धारातीर्थी पडले. त्यांच्या छोट्या तुकडीतले, म्हणजे सेक्शनमधले, सगळे ठार किंवा जखमी झाल्यावर ते एकटेच मशीनगनवर धावून गेले आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदुकीच्या दस्त्याने लढले. त्यांचा व्हिक्टोरिया क्रॉस त्यांच्या पत्नीने व्हाइसरॉय वेव्हेल यांच्या हातून घेतला. माझ्या आजीचे वडील त्याच रेजिमेंटमधून परत आले होते. घाडगे यांच्या पुतळ्यापाशी नेले की ते चपला काढून उभे राहत आणि ‘चला’ म्हणत. त्यापलीकडे त्यांनी कधी काही सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही, याचे मला वाईट वाटते.

खडकीहून

माझे वडील बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे सैन्याच्या इंजिनिअर दलात होते. कारवारजवळच्या चेंडिया गावचे रामा राघोबा राणे हे त्यांचे दैवत. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि आडवी टाकलेली झाडे काढत राणे यांच्या तुकडीने रणगाड्यांना वाट करून दिली. मांडीला जखम झालेली असतानाही राणे काम सोडून गेले नाहीत. त्यांना जिवंतपणी परमवीर चक्र मिळाले. वडील मात्र त्यांच्या शौर्यापेक्षा त्यांच्या हातांविषयी अधिक बोलत. ते म्हणायचे, ‘‘धीर सगळ्यांकडे असतो रे, हात स्थिर पाहिजे.’’

१९७१ च्या युद्धानंतर पश्चिम सीमेवर सुरुंग काढण्याच्या कामात वडिलांच्या नावाचा खलित्यात, म्हणजे लष्कराच्या अधिकृत अहवालात, गौरवाने उल्लेख झाला. त्याची खूण म्हणून मिळालेले कमळाचे पान पदकाच्या फितीवर लावलेले आहे. निवृत्तीनंतर ते अंगणात भाजी लावत. मिरचीचे रोप लावताना ते खुरपे कधीही उभे खुपसत नसत. तिरके धरून बोटभर सारायचे, थांबायचे, पुन्हा बोटभर. सुरुंगाला वरून दाब लागला तर तो उडतो, म्हणून सळई बाजूने, तिरकी सारून त्याची कड शोधायची असते, हे मला पुढे कळले. आई चिडून म्हणायची, ‘‘अहो, वाफा आहे तो.’’ ते हसायचे आणि पुन्हा तिरकेच खुरपे धरायचे.

साताऱ्याहून

माझे आजेसासरे डिसेंबर १९७१ मध्ये जंगी पलटणीबरोबर (मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन) आताच्या बांगलादेशातील जमालपूरला होते, आणि तिथल्या कामगिरीसाठी त्यांना सेना पदक मिळाले. पदक पत्र्याच्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या घडीत असे. सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडावंदनासाठी बोलावणे आले, की आजेसासूबाई पितळी तांब्यात निखारे घालून त्यांचा कोट आणि पदकाची फीत इस्त्री करून देत. इंग्रजीतले मानपत्र भिंतीवर चौकटीत होते. ते मी लग्नानंतर आजेसासूबाईंना मराठीतून वाचून दाखवले, तेव्हा त्या पहिल्यांदाच ते ऐकत होत्या. मधेच थांबवून त्यांनी विचारले, ‘‘डाव्या खांद्याला लागलेलं लिहिलंय का त्यात?’’ तसे काही लिहिलेले नव्हते. ‘‘रात्री तेल मी चोळायची,’’ एवढेच त्या म्हणाल्या.

आजेसासरे गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतनाची खटपट सुरू झाली. भरतीनंतर लगेच नोंदवलेले पत्नीचे नाव त्यांच्या माहेरचे होते. रेशनकार्डावर आणि आधारवर सासरचे होते. एका कार्यालयाने दोन नावे म्हणजे दोन बायका, असा अर्थ काढला आणि कागद परत पाठवले. आम्ही चौदा महिने हेलपाटे घातले. अखेरीस दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र करावे लागले. आजेसासूबाईंना सही येत होती, पण फक्त सासरच्या नावाची. प्रतिज्ञापत्राच्या आदल्या रात्री त्यांनी नातवाची पाटी घेतली आणि चुलीपुढे बसून माहेरचे नाव गिरवू लागल्या. साठ वर्षांत त्या नावाने त्यांना फक्त आजेसासऱ्यांनीच हाक मारली होती, तीही पत्रातून.