दहा मैल : मिरामार ते रायबंदर आणि परत

आमच्या क्लबात दर रविवारी धावणारे पंचवीसेक जण. दहा किलोमीटर सगळ्यांनी केलंय, हाफ (म्हणजे अर्धी मॅरेथॉन, २१ किलोमीटर) बऱ्याच जणांनी. पण दहा मैल, म्हणजे १६.०९ किलोमीटर, या अंतराला आपल्याकडे फारसं कोणी विचारत नाही. इंग्लंडात पोर्ट्समथला, अमेरिकेत वॉशिंग्टनला याच अंतराच्या मोठ्या शर्यती होतात. वॉशिंग्टनची तर १९७३ पासून. म्हणून यंदा डिसेंबरात आम्हीच घरच्या घरी मांडली. पहाटे साडेपाचला गोव्यात पणजीचं मिरामार सर्कल, मग कांपाल, पाटो, रायबंदरचा कॉजवे (दलदलीतून जाणारा बांधरस्ता), गावात वळायचं आणि आल्या वाटेने परत. जे धावले त्यांनी लिहा. वेळ सांगायलाच हवी असं नाही. रडगाणंही चालेल, सुरुवात माझ्याच रडगाण्याने.

माझा दहा किलोमीटरचा वेग ५:१० (किलोमीटरला ५ मिनिटं १० सेकंद), हाफचा ५:४०. मधलं अंतर म्हणून मधला वेग धरला, ५:२५. कागदावर सुरेख. कांपालला काळोख, मांडवीवरून गारवा, रस्ता तळहातासारखा सपाट. घड्याळात पाहिलं तर ४:५८! पाय आपोआप पडतायत, मग अडवायचं कशाला? बाराव्या किलोमीटरला, कॉजवेवरून परतताना, पायांनी ती उधारी व्याजासकट वसूल केली. दहा किलोमीटरची शर्यत असती तर तोवर मी चहा पीत बसलो असतो. हाफ असती तर सुरुवातीलाच घाबरून हळू धावलो असतो. या अंतरात भीती वाटत नाही, हीच गोची. १ तास ३३ मिनिटं.

फोंड्याहून

मी फर्मागुडीचा चढ रोज घेणारी. सपाट रस्ता म्हणजे आपल्याला पाटावर बसून जेवण, असं समजत होते. तसं नसतं हो! चढ-उतारावर निदान पायांचे स्नायू आळीपाळीने राबतात. इथे पहिल्या पावलापासून शेवटच्यापर्यंत तेच स्नायू, तेच काम. दहाव्या किलोमीटरला पोटऱ्या दगड.

आणि तो कॉजवे. पोर्तुगिजांनी १६३३-३४ मध्ये दलदलीत बांधलेला, सुमारे तीन किलोमीटर. जाताना डावीकडे नदी, उजवीकडे मिठागरं नि खारफुटी, तोंडावर जमिनीवरून येणारा पहाटवारा. सगळे त्या वाऱ्याला शिव्या घालत होते. मीही घातल्या. परत फिरल्यावर तोच वारा पाठीशी आला आणि मला वाटलं, सुटले. पण वारा आपल्याच चालीने मागून येत असेल तर अंगाला तो लागतच नाही. हवा ठप्प. आपल्याकडची दमट हवा, घाम सुकत नाही, नुसता ओघळतो, आणि घाम सुकल्याशिवाय अंग निवत नाही. जाताना ज्याला शिव्या दिल्या तोच माझा पंखा होता. पुढच्या वेळी जाताना जोर राखून ठेवणार आणि परतताना टोपी भिजवून घेणार.

मडगावहून, थोडक्यात

माझ्या घड्याळात १६.३४ भरले. आयोजकांनी जास्त पळवलं असं कोणी म्हणू नका. प्रत्येक वळणावर बाहेरून गेलं की असंच होतं. आणि पुरुषमंडळींनो, व्हॅसलीन. कुठे, ते विचारू नका.

पर्वरीहून, न धावलेला

गुडघा दुखतो म्हणून मला रायबंदरच्या वळणावर पाण्याच्या टेबलावर उभं केलं. बायकोने घरून आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, दिलं होतं. पाण्यात घालून, चिमूटभर साखर. विकतची भुकटीही ठेवली होती, तिला कोणी हात लावला नाही.

पेला पूर्ण भरायचा नाही, हे मला पाचव्या माणसाच्या शर्टावर कळलं. अर्धा भरायचा आणि हात लांब धरून उभं राहायचं. पुढचे येतात ते पेला हिसकावतात, मधले 'थँक्यू' म्हणतात, मागचे थांबून गप्पा मारतात. मागे एका शर्यतीत (नाव घेत नाही) मी स्वतः मागच्यांत होतो आणि पोचलो तेव्हा पिंपं उपडी घातलेली होती. म्हणून या वेळी शेवटच्या दहा जणांचं आगळ मी आधीच बाजूला काढून ठेवलं. पुढच्यांपैकी एकाने दुसऱ्यांदा मागितलं, दिलं नाही. अजून बोलत नाही माझ्याशी.

पेले मात्र खारफुटीत फेकू नका रे. तासभर चिखलात वाकून मीच वेचले.

म्हापशाहून, शेवटून पहिली

२ तास १४ मिनिटं. वय ५८. लेकीने बळेच नाव घातलं.

रायबंदरला पोचले तेव्हा उजाडत होतं आणि पुढचे सगळे केव्हाच परत फिरले होते. मागून पोंऽऽ पोंऽऽ. बाजूला झाले तर पोदेर (पाववाला), सायकलला पावांची टोपली. "खंय धांवता गो बाय?" मी म्हटलं, मिरामार. तो म्हणाला, "मागीर उरफाटी कित्याक वता?" बरोबरच होतं त्याचं, मिरामार माझ्या पाठीमागे होतं. हसताना श्वास लागला म्हणून थांबले, आणि थांबलेच आहे तर गरम पोयांचा (आमच्या गोल पावांचा) वास आला. पैसे नव्हते. त्याने दोन पोया हातात दिल्या, "फाल्यां दी" (उद्या दे) म्हणाला आणि गेला.

वळणावर आगळ प्यायले आणि उरलेला सगळा रस्ता हातात पोया घेऊन धावले. एक पाटोच्या पुलावर खाल्ली, दुसरी लेकीसाठी. फोटोत मेडलपेक्षा पोयच मोठी दिसते.

त्यानंतर दोन रविवार त्याच रस्त्याला गेले. पैसे कमरेच्या पट्ट्यात तसेच आहेत, तो काही भेटला नाही.