लाकडाच्या स्टोव्हसाठी चिमणीत लायनर: इन्सुलेशन आणि सीलिंग

नमस्कार मंडळी,

मॅसॅच्युसेट्समध्ये वुस्टरजवळ आम्ही नुकतंच घर घेतलं. बांधकाम 1950च्या सुमाराचं आहे आणि विटांची चिमणी उत्तरेकडच्या भिंतीला बाहेरून चिकटलेली आहे. शेजारी अजून डिसेंबर 2008च्या आइस स्टॉर्मबद्दल सांगतात. तेव्हा टाकीत तेल होतं, पण वीज नसल्यामुळे बर्नर बंद आणि घरं गारठलेली. आमच्याकडे सासूबाई असतात, त्यामुळे विजेविना चालणारी ऊब हवीच म्हणून फायरप्लेसमध्ये लाकडाचा स्टोव्ह बसवायचं ठरवलं आहे. स्टोव्हचं धूर बाहेर सोडणारं तोंड 6 इंची. चिमणीत मातीच्या टाइल्स आहेत आणि कॅमेऱ्यात त्यांतल्या दोन-तीन तडकलेल्या दिसल्या. एका कंपनीने नुसता स्टेनलेस लायनर, म्हणजे चिमणीच्या आतून जाणारा धुराचा पाइप, सोडण्याचं कोटेशन दिलं. इन्सुलेशनची गरज नाही, वरून सिलिकॉन लावलं की काम झालं, असं म्हणाले. कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.

———

ताई, नमस्कार.

आम्ही इकडे बर्कशायरमध्ये अनेक हिवाळे लाकडावरच काढले आहेत, म्हणून सविस्तर लिहितो. त्या कोटेशनवर सही करू नका.

लायनर लागतोच. 6 इंची तोंडाचं क्षेत्रफळ साधारण 28 चौरस इंच. चिमणीची भिंत बाहेर उघडी असेल तर फ्ल्यू, म्हणजे धूर जाण्याची आतली पोकळी, त्याच्या दुपटीपेक्षा मोठा नसावा, असं एनएफपीए 211 हे चिमण्यांचं अमेरिकन मानक सांगतं. तुमच्या टाइल्स त्या काळच्या नेहमीच्या मापाच्या, म्हणजे आतून अंदाजे 7 बाय 11 असतील, तर ते 75 चौरस इंचांच्या पुढे जातं. एवढ्या मोठ्या, थंड पोकळीत धूर रेंगाळतो, निवतो, आणि साधारण 250 फॅरनहाइटच्या खाली गेला की त्यातली डांबरासारखी काजळी भिंतींवर बसायला लागते. तेच क्रिओसोट. ते पेटलं की चिमणीच्या आत तापमान 2000 फॅरनहाइटपर्यंत जाऊ शकतं. तडकलेल्या टाइलमधून ती आग विटांमागच्या लाकडापर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

आता इन्सुलेशन. 6 इंची पाइपभोवती अर्ध्या इंचाचं सिरॅमिक फायबरचं ब्लँकेट आणि त्यावर जाळी चढली की एकूण 7 इंचांच्या वर जातं. तुमच्या टाइलची रुंदीच तेवढी! माझा अंदाज असा की 'गरज नाही' म्हणणाऱ्यांना खरं तर ते बसत नाही. मग टाइल्स फोडाव्या लागतात. फिरत्या रॉडच्या टोकाला हत्यार लावून वरून खाली फोडत यायचं, तुकडे फायरप्लेसमध्ये पडतात. दिवसभराचं काम, धूळ भरपूर आणि खर्चही वाढतो. पण तुमच्या टाइल्स तशाही तडकलेल्याच आहेत. मी असतो तर फोडायलाच सांगितलं असतं. लायनर दाबून अंडाकृती करण्याचा पर्यायही असतो, मात्र तो स्टोव्हच्या मॅन्युअलला चालतो का ते आधी पाहा.

बाहेरच्या भिंतीवरच्या चिमणीला जानेवारीत तिन्ही बाजूंनी थंडी लागते. त्या लायनरला गोधडी पांघरलीच पाहिजे, तरच धूर वरपर्यंत गरम राहतो आणि त्याला वर खेचणारी ओढ टिकते. शिवाय जुन्या घरांत तुळया विटांना टेकलेल्या असतात. नियमाप्रमाणे मध्ये अंतर हवं, ते तिथे नसतं. यूएल 1777 या लायनरच्या सुरक्षा मानकाप्रमाणे तपासलेला लायनर आणि त्याचंच ब्लँकेट एकत्र घेतलं तर ती त्रुटी भरून निघते. लाकडासाठी मिश्रधातू 304 किंवा 316 चालतो. अ‍ॅल्युमिनियमचा लायनर गॅससाठी असतो, तो इथे कधीच नको.

टाइल फोडायची नसली तरी आधी चिमणी घासून पूर्ण साफ करून घ्या. मागे राहिलेलं जुनं क्रिओसोट लायनर टाकला म्हणून नाहीसं होत नाही.

सीलिंग दोन ठिकाणी होतं आणि लोक फक्त वरचं करतात. वर लायनर टॉप प्लेटला टांगलेला असतो. ती प्लेट चिमणीच्या माथ्यावर सिलिकॉनमध्ये बसवायची, म्हणजे पाऊस आत उतरत नाही. त्यावर टोपी. खाली, डॅम्परच्या (फायरप्लेसच्या वरच्या झडपेच्या) जागी, पोकळी बंद करणारी पत्र्याची ब्लॉक-ऑफ प्लेट हवी. ती नसेल तर स्टोव्हची उष्णता पोकळीतून वर जाऊन विटा तापवत बसते आणि खोली थंड राहते. पत्रा चिमणीच्या गळ्याच्या मापाने कापून विटांना स्क्रू मारायचे, कडांना फर्नेस सिमेंट लावायचं, वर रॉकवूल ठेवायचं. लायनरभोवतीच्या फटीत मात्र स्टोव्हच्या दाराला लावतात तसा दोर भरा. तापल्यावर 25 फुटी लायनर इंचभर तरी लांबतो, सिमेंटने जखडला तर सिमेंट निघून येतं. तिथे स्प्रे फोम किंवा गुलाबी फायबरग्लास कुणी कोंबायला आला तर थांबवा, फोम जळतो.

———

काकांच्या म्हणण्याला एक जोड. मॅसॅच्युसेट्समध्ये स्टोव्ह बसवायला टाउनचं परमिट लागतं आणि काम झाल्यावर इन्स्पेक्टर येऊन पाहतो. खालची प्लेट लावून स्टोव्ह जागेवर सरकवला की आतलं काही दिसत नाही, म्हणून प्रत्येक टप्प्याचे फोटो काढून ठेवा. विमा कंपनीलाही आधी कळवा. धोका विषारी वायूचा आहे, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म स्टोव्हच्या मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांजवळ चालू आहेत ना, ते आजच बघा. सासूबाईंच्या खोलीबाहेर तर हवाच.

———

काका, ताई, मनापासून आभार. टाइल्स फोडूनच करायचं ठरवलं. लायनर आणि स्टोव्ह जोडताना कशावर लक्ष ठेवू?

———

लायनरवर बाण असेल तर तो कारागिराला दाखवून दिशा विचारा. खालच्या जोडाला तीन स्टेनलेस स्क्रू मोजून घ्या. स्टोव्हच्या वर साधा पाइप येत असेल तर त्याचं चुणीदार टोक खाली, स्टोव्हकडे हवं, म्हणजे ओघळलेलं क्रिओसोट बाहेर न येता आत पडतं. चिमणीचा माथा छपरातून निघतो तिथून 3 फूट वर, आणि 10 फुटांच्या आतल्या कशाहीपेक्षा 2 फूट उंच आहे का तेही मोजायला सांगा.

लाकूड मात्र आत्ताच आणून फोडून ठेवा. ओलावा 20 टक्क्यांच्या खाली यायला ओकला एक उन्हाळा पुरत नाही, मेपल आणि अ‍ॅश लवकर वाळतात. पहिल्या हिवाळ्यासाठी वाळलेलं विकत घ्या, आणि फोडलेल्या ताज्या कडेला ओलावा मोजायचा मीटर लावून मगच गाडी उतरवून घ्या.