घशात सुजल्यासारखं वाटतंय, दोन महिने झाले, कुणाला अनुभव आहे का?

शाळावाली:
नमस्कार मंडळी. वय ४१, शाळेत शिकवते. दिवाळीत सर्दी-खोकला झाला होता, तो आठ दिवसांत गेला पण तेव्हापासून घशात, म्हणजे कंठाच्या खड्ड्याच्या जरा वर, आतून सुजल्यासारखं वाटतंय. सुपारीएवढं काहीतरी बसलंय असं वाटतं आणि आवंढा गिळला की ते जरा हलतं पण जात काही नाही. दुखत नाही, ताप नाही. फॅमिली डॉक्टरांनी पाच दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स दिला, काडीचा फरक नाही. मीठ-हळदीच्या गुळण्या, ज्येष्ठमध, मिरं-खडीसाखर सगळं करून झालं. मोबाईलचा टॉर्च लावून आरशात दहादा बघितलं, पडजीभ वगैरे नॉर्मल दिसते. रात्री पडल्यावर जास्त जाणवतं आणि मग डोक्यात नको नको ते येतं, मावशीला थायरॉईडची गाठ होती म्हणून तर जास्तच. हे कशामुळे होत असेल आणि नक्की कुठल्या डॉक्टरकडे जाऊ?

घसातज्ज्ञ:
ताई, मी कान-नाक-घशाची डॉक्टर आहे. इथे लिहून निदान होत नाही हे आधीच सांगते, पण एक गोष्ट तुम्ही स्वतः बघू शकता. पोळी-भाजी, भात खाताना अडकतं का? की जेवताना काहीच वाटत नाही आणि नुसती लाळ गिळताना, रिकामं बसल्यावर जाणवतं? हा फरक फार महत्त्वाचा आहे. घास अडकत असेल, आधी पोळी अडकायची आणि आता मऊ भातही अडकतो असं वाढत चाललं असेल, तर आजच्या आज अपॉइंटमेंट घ्या. जेवण छान उतरतंय आणि नुसता आवंढा गिळताना गोळा वाटतोय, तर बहुतेक वेळा तो प्रकार असतो ज्याला आम्ही ग्लोबस म्हणतो. तिथे खरी गाठ नसते. अन्ननलिकेच्या तोंडाशी एक गोल स्नायू असतो, तो आवळून राहतो, किंवा पोटातलं ॲसिड वर येऊन घशाची आतली त्वचा हुळहुळी होते, किंवा नाकातून मागच्या मागे शेंबूड उतरत असतो. पूर्वी याला बायकांचा हिस्टेरिया म्हणून सोडून द्यायचे, ते साफ चूक होतं. त्रास खराच असतो. टेन्शनने वाढतो हे मात्र खरं.

आणि आरशात बघून काही कळणार नाही हो, ती जागा जिभेच्या मागे आणि खाली असते. ईएनटीकडे नाकातून बारीक दुर्बीण घालून बघतात, दोन-पाच मिनिटांचं काम आहे. त्याच वेळी ते मानेला हात लावून थायरॉईडही तपासतील आणि गरज वाटली तर टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) आणि मानेची सोनोग्राफी सांगतील. मावशीचं त्यांना जरूर सांगा. तुमचा शिक्षिकेचा आवाज आहे, तीन आठवड्यांच्या वर घोगरा राहिला असेल तर तेही सांगा.

कोकणी_मेवा:
मला सेम होतं ताई, सव्वा वर्ष काढलं मी. छातीत जळजळ अजिबात नव्हती म्हणून ॲसिडिटी असेल असं वाटलंच नाही, पण सकाळी उठल्यावर तोंड आंबट आणि दिवसभर खाकरत राहायचो. डॉक्टर म्हणाले हे खाकरणंच आधी बंद करा, प्रत्येक वेळी खाकरलं की स्वरयंत्राच्या पट्ट्या एकमेकींवर आपटतात, सूज येते आणि मग परत खाकरावंसं वाटतं, हे चक्रच आहे. खाकरावंसं वाटलं की घोटभर पाणी पी म्हणाले. पहिले चार दिवस फार जड गेलं, ऑफिसात बाटली हातातच असायची. दुसरं म्हणजे रात्रीचं जेवण साडेदहाचं साडेसातवर आणलं आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली लाकडाचे ठोकळे घातले, साधारण सहा इंच. नुसत्या उशा वाढवू नका, त्याने पोट दुमडतं आणि उलट दाबलं जातं. चहा सहा कपांवरून दोनवर. दोन अडीच महिने लागले, एकदम नाही गेलं.

शाळावाली:
@घसातज्ज्ञ मॅडम, जेवताना खरंच काही वाटत नाही! हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, काल मुद्दाम भाकरी खाऊन बघितली, सरळ उतरली. आणि कोकणी दादा, माझं पण जेवण दहाला, पेपर तपासून झाले की जेवते आणि लगेच आडवी होते. ॲसिडिटीची गोळी, पॅन्टोप्राझोल, मेडिकलमधून आणून सुरू करू का?

घसातज्ज्ञ:
आपल्या मनाने नको. जळजळ, करपट ढेकर असतील तर त्या गोळीचा उपयोग होतो आणि ती सकाळी उपाशीपोटी, खायच्या अर्धा तास आधी घ्यायची असते. पण नुसत्या घशाच्या तक्रारीला तिचा फायदा कमीच दिसतो. २०२१ साली ब्रिटनमधल्या एका अभ्यासात ३४६ लोकांपैकी निम्म्यांना याच जातीची गोळी आणि निम्म्यांना खोटी गोळी १६ आठवडे दिली, तर बरं वाटायचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच निघालं. म्हणून आधी दुर्बिणीने बघून घ्या. जेवण लवकर करणं आणि खाकरणं थांबवणं मात्र आजपासून सुरू करायला हरकत नाही.

विदर्भाचा_पोरगा:
थोडं वेगळं सांगतो, कारण शीर्षक वाचून कुणी दुसराच माणूस इथे येईल. माझ्या बाबांना बीपीची गोळी चालू होती, रामिप्रिल, एक वर्षापासून. एका रात्री ओठ सुजले, मग जीभ जाड झाली, बोलणं बोबडं व्हायला लागलं आणि म्हणाले घसा बंद होतोय. आम्ही ॲलर्जीची गोळी देऊन अर्धा तास वाट बघितली, ती आमची चूक झाली. १०८ ला फोन करून दवाखान्यात नेलं, तिथे श्वासावर लक्ष ठेवत रात्रभर ॲडमिट ठेवलं. डॉक्टर म्हणाले नावाच्या शेवटी 'प्रिल' असलेल्या गोळ्यांनी असं होऊ शकतं आणि गोळी सुरू करून महिने, वर्षं झाली तरी होऊ शकतं. ती कायमची बंद केली, फाईलवर लाल पेनाने लिहून घेतलंय. ओठ-जीभ सुजणं, श्वास घेताना घरघर, लाळ गिळता न येणं, यातलं काहीही दिसलं तर गुळण्या करत बसू नका, तडक इमर्जन्सीत जा.

सांगलीकर_सुनबाई:
माझी आजी मिश्री लावायची, चाळीस वर्षं. घशात टोचतंय म्हणायची आणि एकाच कानात ठणका, सगळ्यांनी कानात थेंब घातले. घशातल्या आजाराने कान दुखू शकतो हे आम्हाला कुणाला माहीतच नव्हतं, फार उशीर झाला. ज्यांच्या घरात तंबाखू, मिश्री, बिडी आहे त्यांनी असा त्रास झाला तर एकदाही अंगावर काढू नका. वजन उतरत असेल, थुंकीत रक्त असेल, मानेला गाठ लागत असेल तर तर नाहीच नाही.

शाळावाली:
सगळ्यांचे खूप आभार, तीन आठवड्यांनी लिहितेय. ईएनटीकडे जाऊन आले, दुर्बीण नाकातून घालताना डोळ्यांत पाणी आलं पण दुखलं नाही, स्क्रीनवर मलाही दाखवलं. गाठ काहीही नाही, स्वरयंत्राच्या मागच्या बाजूला जराशी लाली. टीएसएच नॉर्मल, सोनोग्राफी पण स्वच्छ. नाकाचा स्प्रे दिलाय आणि जेवण साडेसातला. आता पेपर जेवणानंतर खुर्चीत बसून तपासते. वर्गात पाण्याची बाटली ठेवलीय, मुलं पण विचारायला लागली मॅडम तुम्हाला सारखी तहान का लागते. गोळा अजून पूर्ण गेला नाही, पण परवा परीक्षेच्या सुपरव्हिजनला तीन तास होते आणि घरी येईपर्यंत घशाची आठवणच झाली नाही. पुढच्या महिन्यात परत दाखवायला बोलावलंय.