विंग-फ्यूजलाज फेअरिंगचा सरफेस ट्रेलिंग एजपाशी बिघडतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. कॅटिया या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये विमानाचा पंख (विंग) आणि धड (फ्यूजलाज) यांच्या जोडावरचं फेअरिंग, म्हणजे जोड झाकणारं गुळगुळीत आवरण, मॉडेल करतोय. लीडिंग एजपाशी (पंखाची पुढची कड) झेब्राचे पट्टे, म्हणजे सरफेसचा गुळगुळीतपणा तपासायला त्यावर दाखवलेले काळे-पांढरे पट्टे, छान सलग जातात. पण ट्रेलिंग एजकडे (मागची कड) पॅच, म्हणजे सरफेसचा तुकडा, निमुळता होत तीन बाजूंचा होतो, तिथे पट्ट्यांना कोपरे पडतात. म्हणजे शेजारच्या सरफेसशी टॅन्जन्सी (दिशा) जुळतेय, कर्व्हेचर (वक्रता) नाही. सरफेसची डिग्री (गणिती घात) ५ वरून ७ केली, तर कंट्रोल पॉइंट (आकार ठरवणारे बिंदू) वाढून सरफेसवर बारीक लाटा येतात. ते तर अजिबात नको, कारण हवेचा प्रवाह पृष्ठभागापासून सुटायची भीती नेमकी याच कोपऱ्यात जास्त. चार बाजूंचा मोठा पॅच करून नंतर ट्रिम करावा (जादा भाग छाटावा), की टोकाचा भाग कापून वेगळा भरावा? प्रत्यक्ष केलेल्यांनी पॅचची मांडणी कशी ठेवली ते कृपया सांगा. हाताने काढलेलं स्केचही चालेल.