मदत हवी आहे: पार्सल जुन्या पत्त्यावर टाकून गेले, भरपाईची जबाबदारी कोणाची?

नमस्कार मंडळी,

ऑनलाइन मागवलेली वस्तू आमच्या जुन्या पत्त्यावर पाठवली गेली आणि तिथून ती नाहीशी झाली. विक्रेता, संकेतस्थळ आणि कुरियर कंपनी असे तिघेही हात झटकत आहेत. अशा वेळी कायद्याने जबाबदारी कोणावर येते आणि तक्रार नेमकी कोणाविरुद्ध करावी, याविषयी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

आम्ही पूर्वी कोथरूडला भाड्याने राहत होतो. लिव्ह अँड लायसन्सचा करार संपल्यावर वाकडला आलो. मी घरी ब्लाऊज शिवते आणि पिको-फॉलची कामे घेते. जुने मशीन सारखा धागा तोडू लागले होते, म्हणून लग्नसराईच्या आधी मोटरसह नवे पिको मशीन मागवले. किंमत 16,400 रुपये. ती डेबिट कार्डाने आगाऊ भरली. मागणी नोंदवताना वस्तू पोचवण्याचा पत्ता म्हणून वाकडचाच पत्ता निवडला होता, आणि मागणी पक्की झाल्याच्या ईमेलमध्येही वाकडचा पत्ता 411057 या पिनकोडसह छापलेला आहे. कोथरूडचा पत्ता माझ्या खात्यात होता तो केवळ बिलाचा पत्ता म्हणून, कारण बँकेच्या कार्डाची नोंद त्या पत्त्यावर आहे. बिलाच्या प्रतीवरही हे दोन पत्ते दोन वेगळ्या चौकटींत, आपापल्या शीर्षकाखाली दिलेले आहेत. तरीही खोक्यावरच्या लेबलावर कोथरूडचा पत्ता आणि 411038 हा पिनकोड छापला गेला.

ट्रॅकिंगवर पार्सल कोथरूडच्या केंद्रात पोचल्याचे दिसले, तेव्हाच मी संकेतस्थळाच्या ग्राहक सेवेला फोन केला आणि चॅटवर लेखीही कळवले. ‘लेबल छापल्यानंतर पत्ता बदलता येत नाही, पण वस्तू देण्यापूर्वी आपल्याला फोन येईल,’ असे उत्तर मिळाले. फोन आला नाही, ओटीपीही कोणी मागितला नाही, आणि संध्याकाळी वस्तू पोचल्याचा संदेश मात्र आला.

पोच म्हणून त्यांनी जो फोटो जोडला आहे, त्यात आमच्या जुन्या सदनिकेचे बंद दार दिसते. दारावर आताच्या भाडेकरूंच्या आडनावाची पाटी आहे, कडीला कुलूप आहे, आणि खोके उंबऱ्याशी आडवे टाकलेले आहे. ते कुटुंब त्या वेळी गावी गेले होते. सोसायटीच्या गेटवरच्या नोंदवहीत कुरियरचा माणूस आल्याची वेळ आणि सदनिकेचा क्रमांक आहे, परंतु वस्तू कोणाच्या ताब्यात दिली त्या रकान्यात नुसती रेघ ओढलेली आहे. भाडेकरू परतले तेव्हा दारात काही नव्हते. त्यांच्यावर संशय घेण्याचे मला कारण दिसत नाही. त्या नोंदवहीच्या पानाचा फोटो त्यांनीच काढून मला पाठवला.

विक्रेत्याचे म्हणणे असे की, पत्ता ग्राहकाच्याच खात्यातला होता, त्यामुळे चूक ग्राहकाची. आधी पोलिसांत चोरीची फिर्याद द्या, मग बघू. संकेतस्थळ म्हणते की आम्ही केवळ मध्यस्थ आहोत. कुरियर कंपनी म्हणते की लेबलावरच्या पत्त्यावर आम्ही पार्सल पोचवले, आणि आमचा करार विक्रेत्याशी आहे, तुमच्याशी नाही.

माझ्या मते खात्यात एखादा पत्ता असणे आणि त्या पत्त्यावर वस्तू पोचवा असे सांगणे या पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. मी जे सांगितले ते ईमेलमध्ये आहे, बिलावर आहे, आणि वस्तू वाटेत असताना पुन्हा लेखी कळवलेलेही आहे. एवढे असूनही नुकसान मीच सोसावे, हे मला कोणत्याही अंगाने न्याय्य वाटत नाही. हे माझे म्हणणे कायद्यात टिकेल का? विक्रेता परराज्यातला आहे, तर तक्रार पुण्यात करता येईल का? आणि मशीन व्यवसायासाठी घेतले असल्यामुळे मला ‘ग्राहक’ मानले जाणार नाही, असे एका परिचितांनी सांगितले. ते खरे आहे का?

प्रतिसाद

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचे सगळे त्यावर उभे आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 मध्ये व्यापारी हेतूने केलेली खरेदी वगळली आहे हे खरे. परंतु स्वयंरोजगारातून केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’त मोडत नाही, असे स्पष्टीकरण कलम 2(7) खालीच दिलेले आहे. घरी बसून स्वतः मशीन चालवणारी शिवणकाम करणारी स्त्री त्यात सरळ बसते. तक्रारीत हे एक वाक्य मात्र जरूर लिहा, नाहीतर समोरचा वकील पहिला आक्षेप हाच घेईल.

आता जबाबदारीविषयी. विक्रेते बहुधा 1930 च्या माल विक्री अधिनियमाच्या कलम 39 चा आधार घेतात. माल वाहतूकदाराच्या हाती दिला की तो खरेदीदाराला दिल्यासारखाच प्रथमदर्शनी मानला जातो, असे ते कलम म्हणते. मात्र तो माल खरेदीदाराकडे पोचवण्यासाठी दिलेला असला पाहिजे, हे त्याच कलमात आहे. ज्या पत्त्यावर खरेदीदार राहत नाही आणि जो त्याने पोचवण्यासाठी दिलेलाही नाही, त्या पत्त्याचे लेबल लावून दिलेला माल खरेदीदाराकडे पाठवला असे म्हणता येणार नाही. म्हणून माझ्या मते पहिली जबाबदारी विक्रेत्याचीच आहे.

संकेतस्थळाने ‘आम्ही मध्यस्थ’ म्हणून सुटू नये. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम 79 खाली मध्यस्थाला संरक्षण आहे, पण ते अटींसह आहे. शिवाय तुमच्या प्रकरणात वस्तू वाटेत असतानाच त्यांना लेखी कळवले होते आणि फोन येईल असे आश्वासन त्यांच्या सेवकाने दिले होते. ही त्यांच्या स्वतःच्या सेवेतली त्रुटी आहे. विक्रेत्याच्या चुकीशी तिचा संबंध नाही. तो चॅट आजच पूर्ण उतरवून ठेवा, कारण असे संवाद ॲपमधून कधी दिसेनासे होतील याचा भरवसा नसतो.

ई-कॉमर्स नियम, 2020 नुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि एका महिन्यात तिचे निवारण करायचे असते. ग्राहक सेवेशी झालेले बोलणे पुरेसे मानू नका. संकेतस्थळावर त्या अधिकाऱ्याचे नाव आणि ईमेल दिलेला असतो, तिथे स्वतंत्र तक्रार करा आणि तिचा क्रमांक घ्या. विक्रेत्याचा पूर्ण पत्ताही त्यांच्याकडे लेखी मागा. खरेदीनंतर ग्राहकाने मागितल्यास तो देणे त्यांना बंधनकारक आहे. सोबत 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. तेवढ्यावर प्रश्न सुटला तर उत्तमच.

नाही सुटला तर पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथे तक्रार करण्याची सोय 2019 च्या कायद्यातील कलम 34 मध्ये आहे, त्यामुळे विक्रेता परराज्यातला असल्याने काही अडत नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची आहे, आणि ई-जागृती या संकेतस्थळावरून तक्रार घरबसल्या दाखल करता येते. तिघांनाही प्रतिवादी करा. कोणाचा वाटा किती हे आयोग ठरवील.

प्रतिसाद

मी स्वतः ऑनलाइन माल विकतो, म्हणून विक्रेत्याच्या बाजूने काय घडले असावे ते सांगतो. मागण्यांची यादी आमच्याकडून कुरियरच्या प्रणालीत जाते, तेव्हा बिलाचा पत्ता आणि माल पाठवण्याचा पत्ता असे दोन वेगळे रकाने असतात. ते जुळवताना गफलत झाली की लेबलावर बिलाचा पत्ता येतो. पुढे सगळी वर्गवारी लेबलावरचा पिनकोड आणि बारकोड पाहून होते. ग्राहकाने मुळात काय निवडले होते ते कुरियरच्या माणसाला दिसतच नाही. त्यामुळे पत्त्याच्या चुकीबद्दल त्याला दोष देणे मला पटत नाही. कुलूपबंद दारात खोके ठेवून ‘पोचले’ अशी नोंद करणे ही मात्र सर्वस्वी त्याचीच चूक आहे.

ग्राहकानेच मागणी नोंदवताना जुना पत्ता निवडला असता, तर मी विक्रेत्याची बाजू घेतली असती. तशी प्रकरणे आमच्याकडे नेहमी येतात आणि त्यात आम्ही भरपाई देत नाही. इथे तसे नाही, आणि ते सिद्ध करणारा सर्वांत भक्कम कागद विक्रेत्याने स्वतःच काढलेले बिल आहे. दोन्ही पत्ते दिसतील अशी त्याची स्वच्छ प्रत, त्यावरच्या मागणी क्रमांकावर खूण करून, प्रत्येक पत्राला जोडा. लेबलाचा फोटो किंवा पार्सलचा ट्रॅकिंग क्रमांकही द्या, म्हणजे माल कुठे गेला यावर वाद उरणार नाही.

मूळ धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. तक्रार निवारण अधिकाऱ्यांना सविस्तर ईमेल पाठवला असून पोच आली आहे. पोलिसांतील फिर्यादीबद्दल मात्र अजून खात्री होत नाही. भाडेकरूंच्या दारी पोलीस जावेत अशी माझी मुळीच इच्छा नाही.

प्रतिसाद

ती अट तुमच्यावर घालण्याचा अधिकार विक्रेत्याला नाही. मशीन तुमच्या ताब्यात कधी आलेच नव्हते, तेव्हा तुमच्याकडून ते चोरीला गेले असे तुम्ही लिहून देऊच नका. तसे लिहिल्यास ‘वस्तू ग्राहकाला मिळाली होती’ असा अर्थ त्यातून काढला जाईल. माल हरवल्याची तक्रार करायची असेल तर विक्रेत्याने किंवा कुरियर कंपनीने करावी. तुम्ही प्रत्येक ठिकाणी ‘वस्तू मिळालेली नाही’ एवढेच म्हणा. बँकेकडेही याच शब्दांत लेखी अर्ज देऊन कार्डाने भरलेली रक्कम परत मागा, आणि तो अर्ज लवकर द्या, कारण त्यासाठी बँकांची मुदत आयोगाच्या दोन वर्षांपेक्षा पुष्कळ कमी असते.