केनियातल्या मिशन शाळेत प्रशासक म्हणून बोलावलंय, होकार देण्याआधी काय विचारून घ्यावं?

जरीपटक्याची

सगळ्यांना सलाम. मी नागपुरात एका अनुदानित शाळेच्या ऑफिसात वरिष्ठ लिपिक आहे. शालार्थची (ऑनलाइन पगाराची) बिलं, यू-डायस (शाळेची सरकारी माहिती भरणं), संचमान्यता (शिक्षकांच्या पदांची मंजुरी), वेतनेतर अनुदान, ऑडिट, सगळं माझ्याच टेबलावर असतं. आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) ओळखीतली एक मिशन संस्था पश्चिम केनियात, किसुमूच्या पुढे एका गावात शाळा चालवते. मुलामुलींची वसतिगृहंही आहेत. त्यांना प्रशासक हवाय आणि पाळकसाहेबांनी माझं नाव सुचवलं. करार दोन वर्षांचा.

मला जायचंय, मनापासून. प्रार्थनाही करून राहिली आहे. घरचे विमान, मलेरिया आणि पगार याबद्दलच विचारतात, पण प्रत्यक्षात काम काय आहे ते मला कोणीच नीट सांगून नाही राहिलं. संस्थेच्या पत्रात 'शाळेचा संपूर्ण कारभार पाहणे' एवढंच लिहिलंय. संपूर्ण म्हणजे कुठपर्यंत? शिक्षक कोण नेमणार? सरकारी कचेरीत कोण जाणार? आमची मंडळी दर महिन्याच्या दानातून थोडी रक्कम पाठवायला तयार आहे, ती कशी पाठवायची? आणि माझी मुलगी चौथीत आहे, तिला सोबत न्यायचंय.

ज्यांनी परदेशात असं काम केलंय त्यांनी मोकळेपणानं सांगावं.

मोहननगर_काका

सलाम बेटा. मी नोकरीतली शेवटची काही वर्षं केनियात एका मिशन शाळेत बर्सर होतो. फी, खरेदी, पगार, कोठार, बँक हे सगळं बर्सरकडे असतं, म्हणजे बहुतेक तुला ज्या कामाला बोलावतायत तेच. तुझी शालार्थची सवय तिथे फार कामी येईल. पण त्याआधी एक गोष्ट पक्की करून घे.

कागदावर शाळा कोणाची आहे, हे पहिलं विचार. पगाराचं नंतर.

केनियात चर्चच्या शाळा दोन प्रकारच्या. एक खासगी: जमीन, इमारत, पगार, तोटा सगळं संस्थेचं. दुसरी सरकारी, जिची चर्च 'प्रायोजक' असते. नावात दोन्हीकडे संत असतो आणि फाटकावर दोन्हीकडे क्रूस, त्यामुळे बाहेरून फरक कळत नाही. २०१३ च्या मूलभूत शिक्षण कायद्यात प्रायोजकाचं काम लिहून दिलेलं आहे. व्यवस्थापन मंडळावर त्याचा प्रतिनिधी असतो, आध्यात्मिक बाबतीत तो सल्ला देतो, पैशाची नि बांधकामाची मदत करतो, आणि हे करताना दुसऱ्या पंथाच्या नि धर्माच्या मुलांची श्रद्धा जपतो. मुख्याध्यापक नेमणं त्यात नाही. सरकारी शाळेत नेमणूक आणि पगार टीचर्स सर्व्हिस कमिशनकडे, म्हणजे तिथल्या सरकारी शिक्षक आयोगाकडे. म्हणजे शाळा या प्रकारातली असेल तर पत्रातला 'संपूर्ण कारभार' तुला कोणी देऊच शकत नाही, द्यायची कितीही इच्छा असो. माझ्या ओळखीच्या एका संस्थेनं भारतातून माणूस असंच अंधारात ठेवून पाठवला होता. पोहोचल्यावर त्या बिचाऱ्याला कळलं की मुख्याध्यापकाला त्याच्या येण्याची कल्पनाच नव्हती. दोघंही भले, पण सहा महिने एकमेकांशी बोलले नाहीत आणि शाळेचं नुकसान झालं. मला या गोष्टीचा अजून राग येतो, कारण एका पत्रानं ते टळलं असतं.

खासगी असेल तर तीन कागदांच्या प्रती मागव: शाळेच्या नोंदणीचं प्रमाणपत्र, बँकेत सह्या कोणाच्या चालतात त्याचा ठराव, आणि जमिनीचा कागद. केनियाच्या २०१० च्या राज्यघटनेप्रमाणे परदेशी व्यक्तीला किंवा संस्थेला जमीन फक्त भाडेपट्ट्यानं मिळते, तीही जास्तीत जास्त ९९ वर्षांसाठी. पट्टा कोणाच्या नावावर आहे, मुदत किती उरली, हे विचारायला संकोचू नको. संस्थेला उत्तर देता येत नसेल तर प्रश्न बरोबर जागी लागला असं समज.

आता तुझा परवाना. धर्मादाय आणि धार्मिक कामासाठी तिथे 'क्लास आय' वर्क परमिट असतं, नोकरीसाठी 'क्लास डी'. कोणतं काढणार ते संस्थेनं लेखी सांगावं. ई-टी-ए (ऑनलाइन प्रवास परवानगी) काढून या, परमिट मागाहून होईल, असं कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हण. ती परवानगी फिरायला जाण्याची आहे, टेबलावर बसून सह्या करण्याची नाही. ९० दिवसांपेक्षा जास्त राहायचं तर परदेशी नागरिक म्हणून नोंदणी होऊन वेगळं ओळखपत्र मिळतं. आणि वर्गावर शिकवायचा विचार असेल तर टीचर्स सर्व्हिस कमिशनची नोंदणी लागते. शिक्षक आजारी म्हणून दोन तास आपणच घेऊ, हे आपल्याकडे चालून जातं, तिथे ती सवय नेऊ नको.

पगारपत्रक तुला जड जाणार नाही. प्राप्तिकर पुढच्या महिन्याच्या ९ तारखेपर्यंत भरायचा. एन-एस-एस-एफ (आपल्या भविष्य निर्वाह निधीसारखा निधी) आहे, आरोग्य विम्याचे २.७५ टक्के कापायचे, घरबांधणी लेव्हीचे दीड टक्का कामगाराचे आणि दीड टक्का शाळेचे. तारीख चुकली की दंड.

खरं काम फीचं. फी एम-पेसावर येते, म्हणजे फोनवरून. शाळेचा पेबिल नंबर (पैसे जमा करायचा क्रमांक) असतो आणि 'अकाउंट'च्या जागी मुलाचा प्रवेश क्रमांक टाकायचा असतो. पण पैसे भरतो नैरोबीत काम करणारा काका, आणि तो त्या जागी नुसतं 'ओतिएनो' लिहितो. त्या भागात प्रत्येक वर्गात तीन-चार ओतिएनो. सत्र जानेवारीत उघडतं त्या दिवशी फाटकाशी लोखंडी पेट्या, गाद्या, बादल्या घेऊन रांग लागलेली असते, आई फोनमधला मेसेज दाखवते, आणि तुझ्या स्टेटमेंटमध्ये ती रक्कम बेवारस पडलेली असते. अशा वेळी मुलाला फाटकावर थांबवू नको. मी एक 'ओळख न पटलेली जमा' असं खातं उघडलं होतं. मेसेजचा कोड वहीत उतरवायचा, मूल आत घ्यायचं, आणि संध्याकाळी कोडवरून रक्कम त्याच्या नावावर वळती करायची. कोड प्रत्येक व्यवहाराचा वेगळा असतो, त्यामुळे चूक होत नाही.

काही पालक फीऐवजी मका आणि राजमा आणतात. घ्यावा. कोठारात वजन करायचं, त्या दिवसाचा बाजारभाव वहीत लिहायचा, आणि पालकाला तेवढ्याच शिलिंगांची पावती जागच्या जागी द्यायची. कोठाराची नोंद आणि फीची नोंद एकाच दिवशी झाली पाहिजे. ऑडिटर पहिलं पोतंच मोजतो.

मुलांच्या नोंदीसाठी यू-डायस आणि सरलसारखी तिथे माझ्या वेळी नेमिस नावाची प्रणाली होती. तिला प्रत्येक मुलाच्या जन्मदाखल्याचा क्रमांक लागायचा. खेड्यातल्या कित्येक मुलांकडे दाखलाच नसतो, विशेषतः आजीनं वाढवलेल्या. प्रवेशाच्या वेळीच अशा मुलांची वेगळी यादी कर आणि चीफच्या (गावपातळीवरच्या सरकारी अधिकाऱ्याच्या) कचेरीत पाठपुरावा सुरू कर. परीक्षेच्या नोंदणीपर्यंत थांबलं तर मूल बाहेर राहतं.

आणि वसतिगृह. हे नीट वाच. आपल्या नागपुरात खिडकीला गज नसले तर आपल्याला झोप लागत नाही. केनियात शाळांसाठी २००८ ची सुरक्षा नियमपुस्तिका आहे, तिच्याप्रमाणे वसतिगृहाच्या खिडक्यांना गज चालत नाहीत, दारं बाहेरच्या बाजूला उघडली पाहिजेत आणि दोन खाटांमध्ये १.२ मीटर अंतर पाहिजे. कारण आग. २००१ मध्ये क्यांगुलीच्या शाळेत ६७ मुलं जळून मेली. सप्टेंबर २०२४ मध्ये न्येरी भागातल्या हिलसाइड एंडराशा अकॅडमीत २१. मी सुताराकडून बरोबर १.२ मीटरची काठी कापून घेतली होती आणि दर शनिवारी मेट्रनसोबत खाटांच्या मधून फिरवायचो. एक मच्छरदाणी दोघांत वापरायला मुलं खाटा जोडतात, त्यावर रागावून उपयोग नसतो, मच्छरदाण्या वाढवाव्या लागतात. रात्री मुलं पळतात म्हणून बाहेरून कुलूप लावायची पद्धत कुठे दिसली तर त्याच दिवशी बंद कर. कोणाच्या परवानगीची वाट पाहू नको.

पैशाबद्दल एकच. बाहेरचा दाता पाण्याच्या टाकीसाठी देतो आणि शाळेला त्याच महिन्यात स्वयंपाक्याचा पगार द्यायचा असतो. टाकीच्या पैशाला हात लावायचा नाही. प्रत्येक कामाच्या देणगीचं वेगळं खातं ठेव, आणि पगारासाठी लागतात तर पगारासाठीच मागायला संस्थेला शिकव. लोक टाकीला आनंदानं देतात आणि स्वयंपाक्याला देत नाहीत, हे बदलायला हवं असं मला फार वाटतं.

धरमपेठ_हिशेब

मी चार्टर्ड अकाउंटंट आहे, फक्त पैसे पाठवण्यापुरतं सांगतो. मंडळीचा नोंदणीकृत धर्मादाय ट्रस्ट असेल आणि त्यानं दानातली रक्कम भारताबाहेर खर्च केली, तर त्या रकमेवर आयकराची सूट आपोआप मिळत नाही. त्यासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचा आदेश लागतो. 'थोडीशीच रक्कम आहे' हे कारण तिथे चालत नाही. ट्रस्टच्या सीएला विचारल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका.

व्यक्तीनं स्वतःच्या पैशातून पाठवायचं असेल तर रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत परवानगी आहे, त्यात परदेशी देणगीही बसते. बँकेत फॉर्म ए-२ भरायचा. ८०-जी ची (देणगीवरची आयकरातली) वजावट मात्र मिळणार नाही, ती भारतातल्या मान्य संस्थांनाच आहे.

आणि ताई, नोकरीसाठी बाहेर गेलात की तुमचं इथलं बचत खातं एन-आर-ओ (अनिवासी भारतीयांचं खातं) करून घ्या. बरेच जण हे विसरतात.

हिस्लॉपचा_जुना

काकांनी कारभाराचं सगळं सांगितलं, मी एक वेगळी बाजू मांडतो. आपलं नागपूरही कोणासाठी तरी 'परदेशातली मिशन शाळा' होतं. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये स्कॉटलंडहून आले तेव्हा इथे भोसल्यांचं राज्य होतं, इंग्रजांचं नव्हे. १८६३ मध्ये टाकळघाटजवळ पुराच्या पाण्यात त्यांचा अंत झाला. त्यांचं काम त्यांच्या मागे टिकलं, कारण पुढे ते इथल्या माणसांच्या हाती आलं. १९७० मध्ये उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) नागपुरातच, ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये स्थापन झाली.

म्हणून मला वाटतं, तुम्ही तिथे गेल्या गेल्या एका स्थानिक सहायकाला सगळं शिकवायला घ्या आणि ते करारातच लिहून घ्या. दोन वर्षांत त्या खुर्चीवर केनियाचा माणूस बसावा.

मोहननगर_काका

@हिस्लॉपचा_जुना शंभर टक्के. मी असतो तर पहिल्या वर्षापासून बँकेची दुसरी सही त्या सहायकाची ठेवली असती. तशी सोय आमच्याकडे होती आणि ती फार उपयोगी पडली.

धर्माच्या बाबतीतही स्थानिक माणूस जवळ असावा. शनिवारी उपासना करणारी अ‍ॅडव्हेंटिस्ट मुलं असतात, मुस्लिम मुली असतात. इसिओलोच्या एका मेथडिस्ट-प्रायोजित शाळेतला हिजाबचा वाद केनियाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१९ मध्ये निकाल चर्चच्या बाजूनं लागला, पण तो प्रक्रियेच्या मुद्द्यावर, आणि न्यायालयानं शाळांना याबद्दल स्पष्ट नियम करायला सांगितलं. मुलींच्या गणवेशाचा नि शनिवारच्या परीक्षेचा नियम लेखी, आणि पालकांना प्रवेशाच्या वेळीच वाचून दाखवलेला असावा.

जरीपटक्याची

काका, दादा, सगळ्यांचे खूप आभार. संस्थेला आजच मेल केला: शाळा खासगी की प्रायोजित, तिन्ही कागदांच्या प्रती, परमिट कोणतं, आणि सहायकाबद्दल. खिडक्यांचं तर मला सुचलंच नसतं, वसतिगृहाचे फोटोही मागितले. मंडळीच्या दानाचं पाळकसाहेबांशी रविवारी बोलते. मुलीचं तेवढं सांगा ना.

मोहननगर_काका

तिला तुझ्यावर अवलंबून असलेली म्हणून वेगळा पास लागेल, तो तुझ्या परमिटसोबतच मागायला सांग. तिथलं वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि आपल्याकडे विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात, त्यामुळे जाताना नाहीतर येताना तिचे काही महिने मागेपुढे होणारच. ते आधीच मान्य कर. इथून निघताना शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रकं इंग्रजीतून घे. मराठीचं पुस्तक सोबत ने, परत आल्यावर अडणार नाही.

पिवळ्या तापाची लस दोघींनीही घ्या. केनियातून भारतात परतताना तिचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं, आणि लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ते लागू होतं, म्हणून तिकिटाच्या आदल्या आठवड्यावर ढकलू नको. आयुष्यात एकदाच लागते.

संस्थेचं उत्तर आलं की इथे टाक. कागद पाहून सांगतो.